पिवळ्या रंगातला गोठा

"आणि हे पिवळं काय आहे?" सोलांजबाईंनी विचारलं.

मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर मिठाचं भांडं, पावाची सुरी आणि त्यांनी सकाळीच कापडात बांधून ठेवलेले चीजचे दोन गोळे ठेवले होते. बाईंचं ओलं बोट नकाशाच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलं होतं.

"तो... तुमचा गोठा आहे, मादाम."

"माझा गोठा पिवळा कधी झाला?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण फ्रेंचमध्ये बोलता येत नव्हतं. तेवढी भाषा अजून अंगवळणी पडली नव्हती. मग खरंच सांगावं लागलं.

"आमच्या नकाशात काळं म्हणजे जुनं, जे राहणार. लाल म्हणजे नवं, जे बांधायचं. आणि पिवळं म्हणजे..."

"जे पाडायचं."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. बोट एप्रनला पुसलं आणि चुलीवरच्या सुपाकडे वळल्या. "रंग तरी चांगला निवडलाय."

ही शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मिरजेची. वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय, त्यामुळे वाळू, विटा आणि गवंड्यांच्या शिव्या यांतच मी लहानाची मोठी झाले. शिष्यवृत्ती मिळवून जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकायला पॅरिसला गेले आणि तिथल्या शिक्षकांनी पहिल्याच सुट्टीत मला बर्गंडीतल्या फोंमोरेल नावाच्या खेड्यात पाठवून दिलं. तिथं एका पडक्या मठाची मोजणी चालली होती. राहायची सोय सोलांज बूर्दिए यांच्याकडे होती. सत्तरी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाई. माझं नाव हेमांगी. तिकडच्या लोकांना 'ह' म्हणता येत नाही, म्हणून मी दोन दिवसांत एमांजी झाले आणि तशीच राहिले.

मठ म्हणजे काय होता, हे मला दाही दिशांना हात फिरवत दाखवलं ते आमच्या प्रमुखांनी, मस्यो देल्मास यांनी. आठशे वर्षांपूर्वी पांढऱ्या झग्यातले काही साधू ह्या दलदलीत फावडी घेऊन उतरले. बोलायचं नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे भांडणात वेळ जात नसे, कामं भराभर होत. त्यांनी पाण्याला वाट करून दिली, तळी खोदली, मासे पाळले आणि मग असं चर्च बांधलं की आसपासचे सरदार मेल्यावर आपल्याला इथंच पुरावं म्हणून जमिनी दान करू लागले. पुढं लढाया झाल्या, साधू कमी झाले, आणि शेवटी क्रांती आली. सरकारनं मठ जप्त करून लिलावात काढला.

"आणि तो घेतला कोणी? बाप्तिस्त बूर्दिए नावाच्या गाडीवानानं!" देल्मास म्हणाले. ते हे सांगताना दर वेळी नव्यानं संतापत. "छताचं शिसं विकलं. कमानी पाडून दगड विकले. ह्या गावचा पूल, बाजाराची इमारत, निम्मी घरं, सगळं आमच्या मठाच्या अंगावरचं मांस आहे, मादम्वाझेल! उरली ती ही एक भिंत."

भिंत मात्र उरली होती ती पाहत राहावी अशी. चार मजले उंच, तीन लांब खिडक्या, खिडक्यांत काच नाही, नुसतं आभाळ. बाहेरच्या अंगाला साधूंच्याच वेळचे दगडी टेकू होते. आणि आतल्या अंगाला, जिथं एके काळी चर्चचा गाभा होता तिथं, भिंतीला बिलगून बसका, कौलारू, वास मारणारा गोठा होता. बाप्तिस्तनं बांधलेला. देवाच्या घरात शेळ्या.

गाव हे दोनशे वर्षांत विसरलं नव्हतं. तसं पाहिलं तर बाप्तिस्तकडून दगड विकत घेणारेही गावातलेच, त्यांच्याच घरांना ते लागलेले. पण ते सोयीस्करपणे कोणी बोलत नसे. बूर्दिए घराण्याला मात्र नाव पडलं होतं, मठखाऊ. सोलांजबाई शाळेत होत्या तेव्हा मुलं मागून बकरीचा आवाज काढून 'मठखाऊ' ओरडायची. त्यांतला एक, गास्तों, पुढं गावचा पाववाला झाला. तो रोज सकाळी गाडी घेऊन यायचा, फाटकाबाहेर भोंगा वाजवायचा आणि पाव खांबावर ठेवून निघून जायचा. वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापानंही पाव तिथंच ठेवला होता, म्हणून तोही ठेवायचा.

देल्मासना तो गाभा मोकळा करायचा होता. गवतावर उभं राहिलं की पायापासून माथ्यापर्यंत अख्खी भिंत दिसावी, साधूंना दिसायची तशी. वीस वर्षं त्यांनी ह्यासाठी चपला झिजवल्या होत्या. आता निवृत्तीला आले होते, मंजुरी हातात होती, सप्टेंबरात गोठा पाडायचा होता.

आणि सोलांजबाईंनी त्याला होकार दिला होता! ह्याचंच मला नवल वाटे. भाजी महाग दिली म्हणून बाजारात आवाज चढवणारी बाई, आणि स्वतःच्या गोठ्यावर पाणी सोडताना एक शब्द नाही.

"शेळ्यांचं काय करणार?" मी त्या दिवशी सूप खाताना विचारलं.

"विकणार. रस्त्यापलीकडे शेड देतो म्हणतात. पण ह्या वयात रस्ता ओलांडून धारा काढायला जाऊ?"

"मग नाही म्हणा ना! तुमचा हक्क आहे."

त्यांनी पळी खाली ठेवली. "पोरी, आमच्या घराण्यानं खाल्लंय. खाल्लेलं कधीतरी ओकावं लागतं. माझ्यामागं कोणी नाही. मी ओकले की संपलं."

हे त्या रडत म्हणाल्या असत्या तर मला काही बोलता आलं असतं. त्या पावावर चीज लावत म्हणाल्या. इतक्या वर्षांची लाज एका बाईनं एकटीनं फेडायची, तीही स्वतःच्या शेळ्या देऊन, हे मला मुळीच पटलं नाही. पण मी कोण? परदेशातून आलेली शिकाऊ पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन बाहेर पडले, तर त्या गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आज काय मोजणार?"

"पूर्वेकडचा पाया."

"सगळं मोजलंस. पडलेलं मोजलंस, नसलेलं मोजलंस. काल त्या साधूंच्या संडासाचं भोकसुद्धा मोजलंस. माझा गोठा काय मोजायच्या लायकीचा नाही?"

तो मी मोजलाच नव्हता. कारण देल्मास मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पिवळ्यात वेळ घालवू नका." जे पाडायचं त्याची नुसती बाहेरची चौकट काढायची आणि आत रंग भरून टाकायचा. अशीच पद्धत होती. त्यांच्याआधीच्या माणसानं तेच केलं होतं, त्याच्याआधीच्यानंही.

"माझ्या बापानं त्यात जन्म काढला," सोलांजबाई म्हणाल्या. "जाणार तर जाऊ दे. पण कसा होता हे कुठंतरी कागदावर राहू दे. नाहीतर संध्याकाळी जेवायला दुसरीकडे जा."

जेवणाची धमकी मला लगेच समजते. मी आत गेले.

आत अंधार, ऊब आणि वीस-पंचवीस शेळ्या. त्यांनी माझा टेप खायचा प्रयत्न केला. टेपचं दुसरं टोक बाईंनी धरलं आणि मोजणी सुरू झाली. पण पाच पावलं गेलो नाही तोच आडवी भिंत आली. तिच्यात बुटकं दार. वाकून पलीकडे गेलो, तर पुन्हा तशीच आडवी भिंत आणि तसंच दार.

"ह्या भिंतींनी माझं आयुष्य खाल्लं," बाई वैतागून म्हणाल्या. "दुधाची बादली घेऊन रोज चार वेळा वाका. कपाळाला बघ." खरोखरच त्यांच्या कपाळावर जुनी खोक होती. "अख्ख्या बर्गंडीत असा मूर्ख गोठा नाही. आमचा बाप्तिस्त पैशाचा लोभी होता तो होताच, वर डोक्यानंही कमी होता."

मी दाराच्या कडेला टेप लावला. मग पुन्हा लावला. भिंत चांगली हातभर नव्हे, दोन हात जाड होती. आणि वरपासून खालपर्यंत घडीव दगडाची, मठातल्या सगळ्यात उत्तम दगडाची.

शेळ्यांसाठी दोन हात जाडीची आडवी भिंत कोणी बांधत नाही, हे कळायला पॅरिसची पदवी लागत नाही. मिरजेच्या कंत्राटदाराच्या मुलीला ते जेवता जेवता कळतं. हा माणूस दगड विकून पोट भरत होता. मग विकण्याजोगा इतका माल त्यानं गोठ्याच्या पोटात कशाला पुरला?

"मादाम, शिडी आहे?"

"कशाला?"

"आहे का नाही ते सांगा!"

मी त्यांच्याशी पहिल्यांदाच असं बोलले. त्यांनी मुकाट्यानं शिडी आणली.

वर चढून कौलांखाली पाहिलं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की गोठा मठाच्या भिंतीवर टेकलाय, फुकटची भिंत मिळाली म्हणून बाप्तिस्तनं तिच्यावर वासे टाकले. तसं काहीच नव्हतं. वासे भिंतीच्या अलीकडेच थांबले होते, आपल्या लाकडी खांबांवर. गोठ्यानं मठाकडून काहीही घेतलं नव्हतं. मठाच्या भिंतीला भिडल्या होत्या त्या फक्त त्या दोन आडव्या भिंती, आणि त्या कशा, तर दगडात दगड गुंतवून. भिडल्या होत्या तिथल्या दगडांच्या कडा दाबानं चुरलेल्या होत्या.

मग मी बाहेर येऊन मोठ्या भिंतीला ओळंबा लावला. भिंत आतल्या बाजूला झुकली होती. माथ्याशी चांगली वीतभर. गोठ्याच्या कौलांशी येईपर्यंत झुकत आली होती आणि तिथं थांबली होती.

दोघांनी दाराला दोन बाजूंनी खांदा लावून उभं राहावं आणि एकानं अचानक अंग काढून घ्यावं, तसं त्या चर्चचं झालं होतं. बाहेरचे दगडी टेकू आत रेटत होते आणि आतल्या कमानी बाहेर. बाप्तिस्तनं कमानी पाडल्या, त्याबरोबर भिंत आत यायला लागली असणार. त्यानं ते पाहिलं. ती पाडून विकणं सगळ्यात सोपं होतं, सगळ्यात फायद्याचंही. त्यानं ते केलं नाही. कमानी जिथं होत्या बरोबर तिथं त्यानं दोन भिंती घातल्या आणि वर कौलं टाकून शेळ्या बांधल्या. आणि आम्ही सप्टेंबरात तेच काढून टाकणार होतो. खाली मजूर उभे करून.

देल्मास दुपारी आले. मी सांगायला सुरुवात केली तशी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पिवळं मोजायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी," मागून सोलांजबाई म्हणाल्या. त्यांना अजून मी काही सांगितलं नव्हतं, पण माझी बाजू घ्यायला त्यांना कारण लागत नव्हतं.

"मस्यो, तुम्ही एकदा आत चला. मग मला परत पॅरिसला पाठवा," मी म्हटलं.

ते आत गेले. पहिल्या दारात डोकं आपटलं, दुसऱ्या दारात वाकले. मी कंदील धरला. ते शिडीवर चढले, उतरले, चुरलेल्या कडांवरून बोट फिरवलं. बाहेर जाऊन त्यांनी स्वतः ओळंबा लावला, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय राहवेना म्हणून. बराच वेळ ते त्या दोरीकडे बघत उभे होते. मग पुन्हा आत येऊन धारा काढायच्या तिपाईवर बसले. एका शेळीनं त्यांच्या कोटाचं बटण तोंडात धरलं, त्यांना पत्ताच नाही.

"वीस वर्षं मी ही भिंत कागदावर काढतोय," ते म्हणाले. "तिचा एकेक दगड मला झोपेत दिसतो. आणि इथं मी एकदाही वाकून आलो नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील, खोडून काढतील. निदान म्हणतील की विचार करू. पण त्या माणसाचं मठावर खरंच प्रेम होतं. भिंत पडता पडता वाचली ह्याच्यापुढं आपण चुकलो हे त्यांना फार मोठं वाटलं नाही. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

ते उठले आणि टोपी काढून सोलांजबाईंसमोर उभे राहिले.

"मादाम बूर्दिए, गोठा पाडायचा नाही."

"का? पैसे संपले?"

"हा गोठा मठावर टेकलेला नाही. मठ ह्या गोठ्यावर टेकलाय."

"थट्टा करता म्हातारीची?"

"एमांजी, तुम्ही सांगा."

मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. शब्द सुचेना तिथं हात वापरले. मी भिंत झाले, देल्मासना टेकू केलं, त्यांच्यावर रेलले आणि म्हटलं, आता हे बाजूला झाले तर? सोलांजबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या आडव्या भिंतीजवळ गेल्या. जिनं कपाळ फोडलं, जिला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्या भिंतीला त्यांनी हळूच तळवा लावला.

"म्हणजे त्यानं हे मुद्दाम केलं?"

"मुद्दाम," देल्मास म्हणाले. "जागा मोजून. इतका चांगला दगड घालून. आज मला कोणी सांगितलं असतं, तर मीही ह्याहून वेगळं केलं नसतं."

"पण का? त्याला तर विकायचं होतं."

सोलांजबाईंचा तळवा अजून भिंतीवरच होता. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. शेळ्यासुद्धा खायच्या थांबल्या.

"त्याला लाज होती," त्या म्हणत होत्या. "ऐकलंस का एमांजी? सगळे म्हणायचे निर्लज्ज, निर्लज्ज. लाज होती त्याला. होती."

मीही रडले. देल्मास नाक शिंकरत बाहेर गेले आणि बाहेरूनच ओरडून म्हणाले की कोणीतरी त्यांचं बटण खाल्लंय.

पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर देल्मासनी अख्ख्या गावाला मठात बोलावलं. लोकांना वाटलं, गोठा पाडायचा मुहूर्त सांगणार. सगळे गवतावर जमले, मेयरसाहेब कोट घालून आले. देल्मास एरवी तासभर बोलणारे. त्या दिवशी त्यांनी ओळंबा लावून दाखवला, झुकलेली भिंत दाखवली आणि चार वाक्यांत सांगितलं की ही भिंत दोनशे वर्षं कोणी धरून ठेवलीय. मग म्हणाले, "फोंमोरेलमध्ये मठाचे दगड सगळ्यांनी घेतले. परत ठेवले ते एकाच माणसानं."

लोक आपापल्या बुटांकडे बघत होते. पूल, बाजार, ओसऱ्या, धुण्याचे दगड, प्रत्येकाला आपापल्या घरातलं काय काय आठवत असणार.

सोलांजबाई गोठ्याच्या दारात उभ्या होत्या, स्वच्छ एप्रन घालून, केस चापून बसवून. गर्दीतून एक जण हळूहळू पुढं आला. गास्तों पाववाला. इतकी वर्षं फाटकाबाहेर थांबलेला तो माणूस अंगण ओलांडून त्यांच्यासमोर आला. टोपी दोन्ही हातांनी पिळत होता.

"सोलांज," तो म्हणाला, "आतून बघू का?"

ह्या क्षणाला त्या काय काय बोलू शकल्या असत्या! त्यांच्या जिभेची धार मला ठाऊक होती आणि साठ वर्षांचा साठा त्यांच्याकडे होता. गास्तोंलाही ते ठाऊक असावं, कारण तो मान खाली घालून ऐकायच्या तयारीनंच उभा होता.

सोलांजबाईंनी त्याला टोपीपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग दारातून थोड्या बाजूला सरकल्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पाय पुसून ये."

आत शेळ्यांच्या लेंड्यांचा थर होता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. गास्तोंनं खाली वाकून गवतावर आधी एक बूट पुसला, मग दुसरा. त्याच्यामागं मेयरसाहेब पुसायला लागले. आणि त्यांच्यामागं एकेक करून सगळं गाव.